वाटीतल्या दोन चिठ्ठ्या

चर्चा ऐकून मत बदललेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नव्वदच्या दशकात नवी मुंबईत केबलच्या लोकल चॅनेलवर मी दर आठवड्याला 'दोन बाजू' नावाचा कार्यक्रम घेत असे. पुढ्यात बातम्यांतले विषय असत. सरकारी कंपन्या विकाव्यात का, परदेशी माल येऊ द्यावा का, खाडीपुलाचा टोल भरावा का, कांदा महाग झाला तर दोष कोणाचा. या सगळ्यावर शेकडो माणसं माझ्यासमोर बसून बोलली, ओरडली, एकमेकांच्या अंगावर गेली, आणि येताना जे मत घेऊन आली होती तेच घडी न मोडता परत घेऊन गेली. पालथ्या घड्यावर इतकं पाणी मी ओतलं की त्यात नेरूळचं एक सेक्टर महिनाभर पाणी प्यायलं असतं. तो एक अपवाद सोडून. त्याच्याबद्दल लिहायचंय, पण आधी हा धंदा काय होता ते सांगायला हवं.

आजच्या पोरांना लोकल चॅनेल म्हणजे काय हे कळणार नाही. तेव्हा बिल्डिंगींच्या गच्च्यांवरून काळ्या वायरी जायच्या आणि त्या सगळ्या हरेश्वरशेठच्या कंट्रोल रूममध्ये येऊन मिळायच्या. हरेश्वर मूळचा नेरूळ गावातला. बापाची भातशेती टाऊनशिपमध्ये गेली, तेव्हा त्याने डिश अँटेना लावून केबलचा धंदा टाकला. एका चॅनेलवर तो स्वतःच्या कॅसेटी लावायचा: दुपारी भजनं, रात्री आठ वाजता पिक्चर, मधे हळदीकुंकवाच्या आणि दुकानांच्या उद्घाटनाच्या जाहिराती. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेली, वाशीत घरी शिकवण्या घेणारी. त्याच्या मुलीला शिकवत होते. एकदा तो म्हणाला, "ताई, तुमी एवढं बोलता, टीवीवर का नाय बोलत?" मला तो टोमणा वाटला. त्याला ती धंद्याची आयडिया वाटत होती.

बुधवारी दुपारी आम्ही त्याच्या ऑफिसमागच्या खोलीत शूटिंग करायचो. मागे निळा पडदा, समोर दोन खुर्च्या, मधे मी, माझ्यापुढे टेबलावर पितळी घंटी. शनिवारी संध्याकाळी सात वाजता कॅसेट लागायची. नंतर कंट्रोल रूमला फोन यायचे. टोलवरच्या चर्चेनंतर आलेला पहिला फोन होता, "मॅडमच्या मागचा पडदा कुठून घेतला?"

सूत्रसंचालन म्हणजे गोड बोलणं असं लोकांना वाटतं. हे काम वर्गात दंगा करणाऱ्या पोरांना गप्प बसवण्याचं आहे, फक्त इथे पोरं साठीच्या पुढची असतात. जो फार बोलतो त्याच्यापुढचं पाणी आधी उचलायचं, घसा सुकला की तो आपोआप थांबतो. आकडे फेकणाऱ्याला शांतपणे विचारायचं, "नेमके कुठले?" निम्मे तिथेच गळतात. आणि सूत्रसंचालकाने स्वतःचं मत कधीही, कुणालाही सांगायचं नाही. माझे यजमान जेवताना विचारायचे, "पण तुला काय वाटतं?" मी त्यांनाही सांगितलं नाही. ते म्हणायचे, "लग्न करून फसलो, साधं मत मिळत नाही घरात."

सुरुवातीला ज्याला जी बाजू हवी ती तो घ्यायचा. त्या दिवसांत मी हात टेकले होते. सरकार सगळ्यातून बाहेर पडलं पाहिजे, असं टेबलावर मुठी आपटून सांगणारे एक गृहस्थ आले होते. स्वतः सरकारी पेन्शनर, दोन्ही मुलं सरकारी नोकरीत. ते चर्चा अर्धी सोडून उठले, कारण त्यांच्या सोसायटीत पाणी आलं नव्हतं आणि वॉर्ड ऑफिस बंद व्हायच्या आत तक्रार द्यायची होती. कांद्यावर बोलायला घाऊक बाजारातला एक व्यापारी आणि एक गृहिणी आणली, म्हटलं जोरदार होईल. दोघांनी मिळून, तिथे हजर नसलेल्या किरकोळ भाजीवाल्याला झोडपलं आणि चहा पिऊन एकमेकांच्या घरचे पत्ते घेऊन गेले. वीज प्रकल्पाच्या करारावर दोघे तासभर भांडले. शेवटी मी विचारलं, करार वाचलाय कोणी? दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले जणू मीच काही अचकटविचकट बोलले.

म्हणून मी चिठ्ठी आणली. आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धेत असायची तशी. स्टीलच्या वाटीत दोन चिठ्ठ्या, एकीवर 'बाजूने' आणि एकीवर 'विरुद्ध'. विषय आधी कळवायचा, पण बाजू शूटिंगच्या आधी अर्धा तास ठरायची. त्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी करावी लागे, दुसऱ्याचं म्हणणं निदान अर्धा तास तरी स्वतःच्या तोंडात धरावं लागे. कॅमेरा सुरू झाला की आम्ही पुन्हा एकदा त्या चिठ्ठ्या उघडून दाखवायचो आणि मी सांगायचे की ही मतं या माणसांची नाहीत, चिठ्ठीने दिलेली आहेत. पुष्कळ जण चिडले. बँकेतून रिटायर झालेले एक गोखले तर म्हणाले, "बाई, तत्त्वाचं काय?" मी म्हटलं, तत्त्व पक्कं असेल तर अर्ध्या तासाने विरघळणार नाही. मला ती पद्धत तेव्हाही योग्य वाटत होती आणि आजही वाटते.

ही पद्धत मनापासून आवडलेला माणूस म्हणजे सावंत.

सावंत ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होते. मूळचे कोकणातले, राहायला कोपरखैरण्याला एका खोलीच्या घरात. कामगारांच्या वादविवाद स्पर्धांतल्या ढाली त्यांच्या घरात टीव्हीवर, फ्रीजवर आणि जागा संपल्यावर माळ्यावर होत्या. माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याने पाय हलवू नयेत असं बोलणं. चिठ्ठी कुठलीही येवो, त्यांना आनंदच व्हायचा. "मॅडम, उलटी बाजू आली की जास्त मजा येते," म्हणायचे. कंपनीतही पगारवाढ असो की कँटीनचा चहा, साहेबांसमोर युनियनच्या वतीने सावंतच बोलायचे.

त्या वर्षी त्या पट्ट्यातल्या एकेका कंपनीचा भोंगा बंद पडत होता. कुठे स्वेच्छानिवृत्ती, कुठे टाळं. पेपरात रोज चर्चा, तोट्यातले कारखाने जगवायचे की बंद करायचे. सावंतांच्या कंपनीतही नोटीस लागली होती. पुढच्या आठवड्यात मालकांशी बोलणी सुरू होणार होती, आणि कामगारांच्या वतीने आत कोण जाणार तर सावंत, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. कारखाना चालू ठेवणं, नाहीच जमलं तर माणसांना नीट भरपाई घेऊन सोडवणं, हे त्यांच्या जिभेवर अवलंबून होतं.

त्यांनीच मला फोन केला. "मॅडम, हा विषय घ्याच. आपल्या भागातल्या लोकांनी कामगारांची बाजू ऐकली पाहिजे." मी विषय घेतला. समोर बसवले गोखले, ज्यांच्या मते सरकारने पोस्टाची पेटीसुद्धा विकायला काढली पाहिजे. मला वाटलं, वाटीने साथ दिली तर या वेळी खरंच काहीतरी होईल.

वाटीने साथ दिली नाही. गोखल्यांना आलं 'कारखाने चालू ठेवावेत' आणि सावंतांना 'बंद करावेत'.

मी लगेच म्हटलं, "सावंत, आज बदलून घ्या. मी नियम मोडते."

सावंत चिठ्ठीकडे बघत होते. "नको मॅडम. आतापर्यंत दुसऱ्यांच्या विषयांवर नियम पाळला, आता आपल्यावर आलं तर मोडायचा? कसं दिसेल ते?"

"कसंही दिसू दे. तुमच्या कंपनीतले लोक बघणार आहेत."

"चिठ्ठी दाखवतो ना आपण सुरुवातीला. लोक काय वेडे आहेत?"

लोक वेडे नसतात हे मलाही मान्य होतं.

ते कोपऱ्यात जाऊन बसले. अर्धा तास भिंतीकडे तोंड करून, हातात कागद नाही. मग बोलायला लागले ते असं, की गोखल्यांची बाजू ऐकणं पुढे शिक्षाच झाली. गोखले कामगारांबद्दल 'कणव' वगैरे बोलत होते, मधूनच घड्याळ बघत होते. सावंत म्हणाले, यंत्रं बापाच्या वयाची आहेत, माल बाहेरून येतो तो आपल्यापेक्षा स्वस्त आणि बरा. मालकाला धंदा नकोय, जमीन हवीय, आणि नको असलेला धंदा कुणी कुणाला करायला लावू शकत नाही. कारखाना वाचवा म्हणून गेटवर वर्षभर बसणाऱ्याच्या हातात शेवटी काहीच राहत नाही. आज बोलायची ताकद आहे तोवर सुटण्याच्या अटी पदरात पाडून घ्याव्यात. चार मिनिटांनी मी घंटी वाजवायची, ती मी विसरले. कॅमेरावाल्याने हाताने खूण केली तेव्हा कुठे वाजवली.

शूटिंग संपल्यावर एरवी सावंत चहा घेत, स्वतःच्याच मुद्द्यांची फिरकी घेत बसायचे. त्या दिवशी चपला घालून निघाले. मी म्हटलं, "छान बोललात." ते म्हणाले, "हो ना," आणि थोडा वेळ दारातच उभे राहिले. नंतर गेले.

शनिवारी मी घरी टीव्ही लावून बसले. सात वाजले, जाहिरात सुरू. वाशीत साड्यांचं नवं दुकान, महासेल, दुकानाच्या मालकाच्या आई दिवा लावतायत, नातेवाईक हार घालतायत. हार संपेनात. आणि त्यानंतर एकदम सावंतांचा चेहरा: "मित्रहो, हे कारखाने बंदच झाले पाहिजेत."

चिठ्ठ्या नाहीत. वाटी नाही. माझं निवेदन नाही.

मी तशीच घरातल्या कपड्यांत रिक्षा करून हरेश्वरकडे गेले. तो शांतपणे केळं खात बसला होता.

"सुरुवात कापलीस?"

"ताई, साडीवाल्याला शब्द दिलावता. आनि आठला पिच्चर लागलाच पायजे, नायतर बायका फोन करून जीव खातान. दोन मिनिटं कापली फकस्त."

"तीच दोन मिनिटं महत्त्वाची होती रे!"

"लोकांना चिठ्ठ्या नाय बगायच्या, ताई. लोकांना भांडन बगायचाय. तुमी टेन्शन नका घेव, सोमवारी परत लावतो आख्खी."

डोक्याला हात लावून मी घरी आले. सोमवारी त्याने खरंच अख्खी कॅसेट लावली, दुपारी तीन वाजता, जेव्हा कामगार कामावर असतात. तोवर कंपनीच्या गेटवर सावंत मालकाला विकला गेला, हे पक्कं झालं होतं. कोणी म्हणे त्याला मॅनेजर करणार आहेत. कोणी म्हणे फ्लॅट मिळाला, सीवूड्सला. माणूस अजून एका खोलीत राहतोय हे त्याच्या शेजाऱ्यांनाही दिसत नव्हतं.

मी सावंतांना म्हटलं, मी येते, मूळ कॅसेट दाखवते, पाच मिनिटांत निकाल लागेल. ते नको म्हणाले. तरी मी गेले. मला माझ्या वाटीवर फार विश्वास होता.

युनियनची खोली गेटच्या बाजूला, पत्र्याची. कँटीनमधला टीव्ही आणि कोणाचातरी व्हीसीआर आणून ठेवला होता. आत माणसं दाटीवाटीने बसलेली, उरलेली खिडकीतून डोकावत होती. सगळ्यांत पुढे म्हात्रे बसले होते. म्हात्रे त्या गावचेच, ज्यांच्या शेतावर कंपनी उभी राहिली ते. जमिनीच्या बदल्यात नोकरी लागलेली, आणि सावंतांचे इतक्या वर्षांचे जोडीदार, एकाच पाळीतले, एकाच डब्यात जेवणारे.

मी कॅसेट लावली. वाटी दिसली. चिठ्ठ्या उघडल्या. माझा आवाज आला की ही मतं या माणसांची नाहीत. मी कॅसेट थांबवली आणि विजयी चेहऱ्याने वळले.

म्हात्रे म्हणाले, "म्हंजे आमच्या भाकरीची तुमी चिठ्ठी काढली."

मी म्हटलं, "अहो, तसं नाही. ही एक पद्धत असते..."

"ती बी वाटीन." ते माझ्याकडे बघतही नव्हते, सावंतांकडे बघत होते. "तू विकला गेला आसतास तरी समजलो आसतो, सावंता. पोरीचा लगीन हाय तुज्या. पन तू खेळलास. आमच्यावर खेळलास."

मला संताप आला. सगळं स्वच्छ दाखवूनही गाडं जास्तच चिखलात गेलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ती चिठ्ठी जाऊ दे खड्ड्यात. सावंत, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे, ते सांगा. कारखाना चालू राहायला पाहिजे का नाही?"

वाचकहो, इथे फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'राहिलाच पाहिजे.' बस. लोक तेवढंच ऐकायला बसले होते. ते ऐकलं असतं तर शिव्या देत का होईना, त्यांनी सावंतांनाच आत पाठवलं असतं, कारण दुसरं कोण बोलणार होतं? जो माणूस मध्यप्रदेशातल्या धरणाच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून ढाली घेऊन आला होता, त्याला हे एक वाक्य जड नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना बोल बोल म्हणत होते.

सावंत उभे राहिले. "मी चिठ्ठी उघडली तेव्हा माझं मत तुमच्यासारखंच होतं," ते म्हणाले. "मग तयारी करायला बसलो. त्या अर्ध्या तासात मला एकाही मुद्द्याला उत्तर सापडलं नाही. बुधवारपासून शोधतोय. कारखाना राहणार नाही. आपण चांगल्या अटी मागू या, मी भांडतो त्यासाठी. पण राहणार नाही."

त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. कोणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही, एवढंच. म्हात्रे सगळ्यांच्या आधी उठून बाहेर गेले. बोलणी करणाऱ्या कमिटीवरून सावंतांचं नाव तिथेच काढलं. घोषणा सुरू झाल्या. मी व्हीसीआरमधून कॅसेट काढत होते आणि ती अडकली होती, तर एक जण मला म्हणाला, "राहू द्या बाई, झाली की तुमची चर्चा."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते शेवटी माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. एका माणसाने दुसरी बाजू नीट ऐकली, तीही स्वतःच्याच तोंडून, आणि त्याचं मत बदललं. त्यालाच तेवढी शिक्षा झाली. गोखल्यांना काही झालं नाही. ते पुढच्या महिन्यात व्यापार करारावर बोलायला पुन्हा आले आणि जाताना म्हणाले, "बाई, पडदा बदला आता."

बोलणी करायला आत गेले ते मोठ्या आवाजाचे लोक होते. कारखाना चालू राहिलाच पाहिजे, यापलीकडे काही बोलायचं नाही, असं ठरवूनच गेले. अटींवर कोणी तोंड उघडलं नाही, कारण अटी मागणं म्हणजे सावंतगिरी. मालकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि पुढे एका सकाळी गेटला टाळं लागलं. म्हणता म्हणता वर्ष गेलं. जे शेवटी हातात पडलं ते मालकांनी सुरुवातीला सुचवलं होतं त्याहून कमी होतं, असं सगळेच सांगतात. सावंतांनाही तेवढंच मिळालं. अटी सगळ्यांना सारख्या होत्या.

मी 'दोन बाजू' आणखी काही वर्षं चालवला, मग मोठी चॅनेल आली, त्यांत माणसं आमच्याहून जोरात ओरडत होती, आणि हरेश्वरने ती वेळ एका लाफ्टर कार्यक्रमाला दिली. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं.

मग एकदा तुर्भ्याच्या बाजारात म्हात्रे भेटले. मुलाने टेम्पो घेतला होता, तो भाजी उतरवत होता, हे बाजूला उभे. त्यांनीच हाक मारली. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "सावंत भेटतो का तुमाला?"

"कधीतरी. तुम्हाला?"

"नाय." त्यांनी कोबीच्या गोणीवर हात ठेवला. "तो बरोबर होता, ताई. सगला त्यानं सांगितला तसाच जाला."

"मग सांगा की त्यांना. बरं वाटेल."

"कशाला सांगू? मला अजून राग हाय त्याचा." म्हात्र्यांचा आवाज चढला. "त्यानं त्या दिवशी खोटं बोलाला पायजे होता. एक डाव बोल्ला आसता, चालू राह्यला पायजे म्हनून, तर आमी त्यालाच आत पाठवला आसता. आत जाऊन काय मागायचा ते त्यानं मागितला आसता. आमी काय आत बगायला येनार होतो? खरा बोलला आनि आमाला बुडवला."

मी तिथे भाजीची पिशवी घेऊन उभी. म्हात्रे टेम्पोकडे गेले.

पुढच्या रविवारी मी कोपरखैरण्याला सावंतांकडे गेले. मुलीचं लग्न होऊन गेलेलं, ढाली माळ्यावर. ते एका क्लासमध्ये मुलांना वक्तृत्व शिकवत होते. मी त्यांना म्हात्रे काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते ऐकत राहिले, मधे एकदा फक्त "म्हात्रे बरा आहे ना?" एवढं विचारलं.

बायको चहा ठेवून गेली, तो निवला.

"विषय चांगला आहे, मॅडम," ते म्हणाले. "घेऊ या कधीतरी. पण चिठ्ठी टाकूनच घ्या. मला बाजू ठरवता येत नाहीये."